गुलाबी बोंडअळीच्या गंधाचा शोध

कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही, आणि तिचे हे न दिसणेच यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराच्या कित्येक हंगामांच्या नुकसानीच्या मुळाशी आहे. पाती, फुले किंवा कोवळी बोंडे यांवर मादी पतंगाने घातलेल्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीतच आत शिरते. तिने पाडलेले छिद्र बोंड वाढत असताना भरून येते, वरून बोंड हिरवेगार आणि निरोगी दिसत राहते, आणि वेचणीच्या वेळी ते फुटते तेव्हा आत डागाळलेली कवडी, पोखरलेली आणि एकमेकींना चिकटलेली सरकी एवढाच ऐवज हाती येतो. फुलात शिरलेल्या अळीने पाकळ्या आतून रेशमी धाग्यांनी विणून टाकल्यामुळे त्या उमलत नाहीत. अशा न उमललेल्या फुलाला आपल्याकडे डोमकळी म्हणतात, आणि जाणत्या कास्तकाराला या किडीची पहिली चाहूल बहुधा तीच देते. परंतु डोमकळी दिसेपर्यंत एक पिढी आत पोहोचून चुकलेली असते. बोंडाच्या आतील अळीपर्यंत फवाऱ्याचे औषध जात नाही. मग या किडीला उघड्यावर गाठण्याची वेळ उरते ती एकच: रात्री, जेव्हा ती अळी नसून पतंग असते आणि जेव्हा मादी नराला बोलावण्यासाठी हवेत एक रासायनिक संदेश सोडते. मानवाच्या नाकाला अगम्य असलेला तो संदेश जिवंत पतंगाकडून कसा गोळा केला जातो, त्यातील द्रव्य कसे ओळखले जाते, आणि त्या ज्ञानाचा धुऱ्यावर लटकणाऱ्या सापळ्याशी काय संबंध आहे, हे यवतमाळच्या वाचकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे असे मला वाटते.

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधील या काळ्या जमिनीच्या मुलखाची कपाशीशी असलेली सोयरीक जुनी आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील हा जिल्हा वणीच्या नावाने दप्तरी दाखल होता. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली, आणि पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ती गाडी मुख्यतः कापसाची वाहतूक व्हावी म्हणूनच घातलेली होती. कीडही तितकीच जुनी. १८४० च्या दशकात भडोच येथील सरकारी कपाशीच्या मळ्यांतून विलायतेला गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे जगभर ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या किडीची पहिली शास्त्रीय नोंद भारतातल्याच नमुन्यांवरून झाली.

२००२ साली बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि काही वर्षे बोंडअळीचा प्रश्न कायमचा निकालात निघाला अशी समजूत सर्वत्र पसरली. ती समजूत फार काळ टिकली नाही. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेतून २०१० साली जाहीर झाले, त्यानंतर दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीवर तिने जो घाला घातला त्याचे पंचनामे गावोगाव झाले. त्याच वर्षी, जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत, यवतमाळ जिल्ह्यात त्याहून दारुण असे काही घडत होते. डोक्याएवढ्या वाढलेल्या, दाट कपाशीत रसशोषक किडी आणि बोंडअळी यांच्या धाकाने दोन-तीन औषधांची मिश्रणे फवारणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी वीसच्या आसपास माणसे दगावली, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला, आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या घटनेला हलक्या दर्जाची संरक्षक साधने, उष्मा, मिश्रणांचा अविचार, मजुरीची निकड अशी अनेक कारणे होती आणि त्यांतील कोणत्याही एकावर बोट ठेवून बाकीच्यांना मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. तथापि त्यांच्या जोडीला आणखी एक कारण मला दिसते: कोणती कीड, किती संख्येने, कोणत्या आठवड्यात शेतात उतरली आहे याची माहिती ज्याच्याजवळ नाही, तो माणूस भयापोटी फवारतो आणि गरजेपेक्षा पुष्कळ अधिक फवारतो. ती माहिती मिळवण्याचे साधन पतंगाच्या गंधात आहे.

कीटक गंधाने बोलावतात हे मानवाला उशिरा उमगले. फ्रान्समधील ज्याँ आंरी फाब्र या निरीक्षकाच्या घरी एका सकाळी कोषातून निघालेली मोर-पतंगाची मादी जाळीच्या टोपणाखाली ठेवलेली असता, त्या रात्री सुमारे चाळीस नर काळोखातून घरात शिरले. फाब्रने पुढे अनेक प्रयोग केले. मादीला काचेच्या बंद भांड्यात ठेवले, म्हणजे ती दिसत होती पण तिच्याभोवतीची हवा बाहेर जात नव्हती, तेव्हा एकही नर आला नाही. जाळीखाली किंवा सैल झाकणाखाली ठेवली की नर येत. डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पाने खोली भरून टाकली तरी नर वाट चुकले नाहीत. नरांना असे खेचून आणणारे द्रव्य हाती लागण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीतील आडोल्फ बुटेनान्ट या रसायनशास्त्रज्ञाने, ज्याला लैंगिक संप्रेरकांवरील कार्याबद्दल १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते, रेशीमकिड्याच्या मादीचे आकर्षक द्रव्य ओळखल्याचे प्रसिद्ध केले. वीस वर्षांच्या परिश्रमात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख मादी पतंगांच्या ग्रंथी कापून काढल्या होत्या आणि त्या सगळ्या राशीतून हाती आलेले शुद्ध द्रव्य केवळ काही मिलिग्रॅम भरले. त्याला बॉम्बिकॉल हे नाव मिळाले. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्युशर या दोघांनी एका जीवाने बाहेर सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जीवाच्या वर्तनावर परिणाम करणाऱ्या अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ ही संज्ञा दिली. आपल्याकडे कृषी खात्याच्या पत्रकांतून आणि शेतकऱ्यांच्या तोंडी त्यांतील नर-मादीच्या आकर्षणाच्या द्रव्याला कामगंध म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो शब्द अर्थवाही असल्यामुळे मीही तोच वापरतो.

गुलाबी बोंडअळीच्या कामगंधाचा शोध सरळ मार्गाने झाला नाही, आणि त्या वाकड्या मार्गातच या शास्त्राचे मर्म आहे. १९६६ साली अमेरिकेतील संशोधकांनी मादी पतंगांच्या प्रचंड संख्येपासून अर्क काढून त्यातील द्रव्याची रचना जाहीर केली आणि त्याला ‘प्रोपिल्युअर’ असे नाव दिले. प्रयोगशाळेत ते द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करून शेतात ठेवले, तर नर त्याच्याकडे फिरकले नाहीत. कारणांचा पुष्कळ ऊहापोह झाला, अर्कात एखादे साहाय्यक द्रव्य असावे अशी कल्पना मांडली गेली, परंतु नरांनी आपला निर्णय बदलला नाही. त्यानंतर अनेक कृत्रिम संयुगे एकामागून एक शेतात टांगून पाहताना ‘हेक्झाल्युअर’ नावाचे एक संयुग सापडले. ते नरांना काही प्रमाणात आकर्षित करी, परंतु जिवंत मादीच्या तुलनेत अगदीच क्षीण होते. अखेर १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडे सोडवले. मादीचा गंध एकाच द्रव्याचा नसून दोन द्रव्यांचा आहे, ती दोन्ही सोळा कार्बनांच्या साखळीचे, दोन ठिकाणी द्विबंध असलेले ॲसिटेट आहेत, दोहोंत अणू तेच आणि तेवढेच आहेत, आणि फरक एवढाच की अकराव्या कार्बनापाशी असलेला द्विबंध एकात एका बाजूला वळलेला आहे आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. ही दोन समघटक द्रव्ये जवळपास समप्रमाणात मिसळली की नर येतो. या मिश्रणाला ‘गॉसिप्ल्युअर’ म्हणतात. आज मारेगावपासून उमरखेडपर्यंत कपाशीत टांगलेल्या सापळ्यांतील रबरी ल्यूरमध्ये, म्हणजे आमिषात, हेच मिश्रण भरलेले असते.

साखळीच्या एका वळणाने एवढा फरक पडावा ही गोष्ट सामान्य माणसाला नवलाची वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. साठवणीच्या धान्यात पडणाऱ्या ‘सिटोट्रोगा’ नावाच्या पतंगाची मादी गॉसिप्ल्युअरमधील त्या दोन द्रव्यांपैकी एकच द्रव्य कामगंध म्हणून वापरते. म्हणजे तेच रेणू एका प्रमाणात असताना कपाशीचा पतंग येतो आणि त्यांतील एकच असताना कोठीतील धान्याचा. तूर आणि हरभऱ्यावरील घाटेअळीचा गंध वेगळ्याच वर्गातील दोन द्रव्यांचा आहे आणि त्यांत एक सुमारे ९७ भाग तर दुसरे ३ भाग असते. तंबाखूची पाने खाणारी जी अळी आपल्याकडे सोयाबीनवर पडते तिचे मिश्रण आणखी निराळे. म्हणून कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसता ‘कामगंधाचा ल्यूर’ मागणे पुरेसे नाही. कोणत्या किडीचा, हे सांगितलेच पाहिजे. एका किडीचा ल्यूर हाताळलेल्या बोटांनी दुसऱ्या किडीचा ल्यूर बसवला तर दोन्ही गंध बिघडतात, ही साधी गोष्टही फारशी कोणी सांगत नाही.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे गंध गोळा करण्याच्या रीतीकडे वळू. बुटेनान्टच्या काळी ग्रंथी कापणे हाच मार्ग होता आणि आजही तो बंद पडलेला नाही. मादीच्या उदराच्या टोकाशी असलेली लहानशी ग्रंथी योग्य वेळी कापून हेक्झेनच्या दोन-चार थेंबांत काही मिनिटे बुडवून ठेवली की अर्क मिळतो. परंतु ग्रंथीत साठवलेले सगळेच द्रव्य मादी हवेत सोडते असे नाही, आणि ज्या प्रमाणात ते ग्रंथीत आहे त्याच प्रमाणात हवेत जाते असेही नाही. ग्रंथीत त्या द्रव्याची पूर्वरूपे असतात, चरबी असते, आणखी काय काय असते. नर ज्याला प्रतिसाद देतो ते हवेतले मिश्रण होय. म्हणून गेल्या अर्धशतकात संशोधकांनी मृत पतंगाच्या अर्काऐवजी जिवंत पतंगाच्या भोवतालची हवा पकडण्याच्या युक्त्या योजल्या.

त्यांची पूर्वतयारीच मोठी असते. प्रथम शेतातून हिरवी बोंडे आणून, त्यांतून निघालेल्या अळ्या पाळून कोष मिळवावे लागतात. या जातीत एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे: पूर्ण वाढलेल्या नर अळीच्या पाठीवरच्या त्वचेतून तिचे गडद रंगाचे वृषण दिसतात, त्यामुळे कोषावस्थेपूर्वीच नर आणि माद्या वेगळ्या करता येतात. हे अगत्याचे, कारण समागम झालेली मादी बोलावणे कमी करते किंवा थांबवते, आणि कामाची ती कुमारी मादी. पुढचा प्रश्न वेळेचा. गुलाबी बोंडअळीची मादी साधारणतः रात्रीच्या उत्तरार्धात उदराचे टोक बाहेर काढून गंध सोडते. त्या वेळी प्रयोगशाळेत माणसांनी जागत बसण्याऐवजी पतंगांचाच दिवस-रात्र उलटा केला जातो. त्यांच्या खोलीत रात्री दिवे लावतात, दिवसा काळोख करतात, आणि पतंगांना जवळजवळ न जाणवणाऱ्या मंद तांबड्या प्रकाशात संशोधक आपले काम करतो.

मग काही माद्या काचेच्या स्वच्छ नळकांड्यात सोडतात. काचेच्याच, प्लॅस्टिक चालत नाही, कारण त्यातून निघणारी द्रव्ये पतंगाच्या गंधाला झाकून टाकतात. भांडी विद्रावकाने धुऊन भट्टीत तापवलेली असतात. काम करणाऱ्याने त्या दिवशी अत्तर लावू नये, सुवासिक साबण वापरू नये, तंबाखूला हात लावू नये असा दंडक असतो, आणि ज्याने हा दंडक पाळला नाही त्याच्या नोंदीत पतंगाऐवजी त्याचाच साबण उमटतो. नळकांड्याच्या एका तोंडाने सक्रिय कोळशातून गाळलेली शुद्ध हवा आत येते, माद्यांवरून जाते, आणि दुसऱ्या तोंडाशी बसवलेल्या एका बारीक नळीतून पंपाने बाहेर ओढली जाते. या बारीक नळीत पोरापॅक किंवा टेनॅक्स या नावांच्या सच्छिद्र बहुवारिकांचे कण, अथवा कोळशाचा पातळ थर, ठासलेला असतो. हवा निघून जाते आणि गंधाचे रेणू कणांच्या पृष्ठाला चिकटून राहतात. काही तासांनी ती नळी काढून हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेनच्या थोड्याशा थेंबांनी धुतली की रेणू द्रवात उतरतात. शेजारी तशाच दुसऱ्या नळकांड्यात पतंग न ठेवता तीच हवा तेवढाच वेळ खेळवलेली असते. त्या रिकाम्या भांड्याची नळीही धुऊन तपासावीच लागते, कारण जे द्रव्य दोन्हींत सापडते ते पतंगाचे नव्हे. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातील सर्वांत प्रामाणिक पायरी हीच, आणि उतावळा संशोधक नेमकी हीच गाळतो.

याहून सुटसुटीत अशी एक रीत १९९० च्या सुमारास कॅनडात निघाली. केसाएवढ्या काचतंतूवर सिलिकोनजन्य द्रव्याचा पातळ लेप दिलेला असतो. तो तंतू पोकळ सुईत सुरक्षित ठेवून मादीच्या भांड्यात खुपसतात, बाहेर काढलेला लेप आसपासच्या गंधाचे रेणू शोषून घेतो, आणि नंतर तीच सुई थेट यंत्राच्या तप्त तोंडात घातली की ते रेणू सुटून आत जातात. विद्रावक लागत नाही, मादीला इजा होत नाही, आणि तीच मादी दुसऱ्या रात्री पुन्हा तपासता येते. मात्र या रीतीने मिळालेल्या आकड्यांवरून मादीने एकूण किती गंध सोडला हे सांगणे अवघड असते, कारण लेप काही रेणूंना अधिक आवडीने धरतो आणि काहींना कमी.

हाती काय लागते? एका मादीकडून मिळणारे द्रव्य नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात, मोजावे लागते. ते डोळ्यांना दिसत नाही, तराजूवर येत नाही. त्या सूक्ष्म अंशात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून प्रथम त्यांना एकमेकांपासून अलग करणे प्राप्त असते. हे काम गॅस क्रोमॅटोग्राफ करतो. साधारण तीस मीटर लांबीची, पाव मिलिमीटर आतील व्यासाची नळी वेटोळे करून तप्त पेटीत ठेवलेली असते. नमुन्याची वाफ हेलियम वा हायड्रोजनच्या प्रवाहाबरोबर तिच्यातून जाते, आणि प्रत्येक द्रव्य नळीच्या आतील लेपाला किती चिकटते यावर ते केव्हा बाहेर पडणार हे ठरते. दुसऱ्या टोकाशी बसवलेले यंत्र प्रत्येक द्रव्याच्या आगमनाची खूण आलेखावर उंचवट्याच्या रूपाने काढते.

परंतु आलेखावर उंचवटे शंभर असले तर त्यांतला नराच्या कामाचा कोणता? या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी नरालाच विचारले, आणि माझ्या दृष्टीने या कथेतील सर्वांत रमणीय प्रसंग तो आहे. १९५७ साली जर्मनीतील डीट्रिख श्नायडर याने रेशीमकिड्याच्या नराच्या शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, दोन टोकांना बारीक विद्युदग्रे जोडली आणि तिच्यावरून मादीच्या ग्रंथीचा गंध सोडला असता शृंगिकेत विजेचा क्षणिक दाब उत्पन्न होतो हे दाखवून दिले. पुढे हीच शृंगिका क्रोमॅटोग्राफच्या तोंडाशी बसवण्यात आली. नळीतून बाहेर येणारा प्रवाह दुभंगला जातो. अर्धा यंत्राच्या मापकाकडे जातो आणि अर्धा आर्द्र हवेच्या झुळुकीतून जिवंत शृंगिकेवर. कागदावर एकाखाली एक अशा दोन रेषा उमटत जातात. वरच्या रेषेवर मोठमोठे उंचवटे येऊन जातात आणि खालची, शृंगिकेची रेषा शांत राहते. आणि मग एखाद्या अशा ठिकाणी, जिथे वरच्या रेषेवर नजरेत भरेल असे काहीही नसते, खालची रेषा एकाएकी झेप घेते. ज्या द्रव्याकडे यंत्राचे लक्ष गेले नाही ते नराच्या मिशीने ओळखलेले असते. रेशीमकिड्याच्या नरावर पुढे झालेल्या मोजमापांवरून असे अनुमान निघाले की बॉम्बिकॉलचा एकच रेणू त्याच्या ग्राहक पेशीत चेतासंदेश उठवण्यास पुरेसा होतो. मानवाने घडवलेल्या कोणत्याही उपकरणाने त्या काळी एवढी सूक्ष्मता गाठलेली नव्हती.

कोणता उंचवटा महत्त्वाचा हे कळल्यावर तो कशाचा हे ठरवण्याचे काम मास स्पेक्ट्रोमीटरकडे जाते. या यंत्रात रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन त्याचे तुकडे पडतात आणि तुकड्यांचे वस्तुमान मोजले जाते. गॉसिप्ल्युअरच्या रेणूचे वस्तुमान २८० आहे. त्यातून ६० वस्तुमानाचा ॲसेटिक आम्लाचा रेणू निघून गेल्यावर उरलेला २२० चा तुकडा दिसतो, आणि ६१ च्या जागी उमटलेली खूण हा ॲसिटेट आहे याचा दाखला देते. द्विबंध कोणत्या कार्बनांपाशी आहेत हे एवढ्यावरून उमगत नाही. त्यासाठी जुनी रीत अशी की द्रव्यावर ओझोन सोडून साखळी द्विबंधांपाशीच तोडायची आणि तुकड्यांची लांबी मोजायची. द्विबंध कोणत्या बाजूला वळलेले आहेत हे त्याहूनही कठीण. त्याकरिता वेगळ्या लेपाची नळी वापरून समघटक अलग करतात आणि प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या, रचना ठाऊक असलेल्या द्रव्याशी त्यांची वेळ मिनिटाच्या शतांशापर्यंत ताडून पाहतात. १९६६ साली ज्या साधनांनी काम झाले त्यांत ही सूक्ष्मता नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेळच्या संशोधकांना दोष देण्याचे कारण उरत नाही.

आणि एवढे सगळे जुळले तरी निकाल लागत नाही. कृत्रिम द्रव्य करून ते वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात. मंद, एकसारख्या वाऱ्यात नर उलट दिशेने, गंधाच्या धाग्याला आडवे छेद देत, नागमोडी उडत मूळस्थानापर्यंत पोहोचला पाहिजे. त्यानंतर शेत. प्रोपिल्युअर कागदावर निर्दोष होते आणि शेतात नापास झाले. गॉसिप्ल्युअर शेतात उत्तीर्ण झाले म्हणून ते खरे.

भारतात या कामाला वाहिलेल्या संस्था आहेत. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोमध्ये कीटकांच्या गंधद्रव्यांवर संशोधन चालते, हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने कामगंध तयार करण्याच्या पद्धती बसवल्या, आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्ताच्या शिफारशी देतात. त्यांचे सार असे. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे लावावेत. सापळा पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर राहावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवावा. ल्यूर ठरलेल्या मुदतीत बदलावा. आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक नर सापडले, अथवा वीस हिरवी बोंडे फोडली असता दहा टक्के बोंडांत जिवंत अळी आढळली, तरच औषधाचा विचार करावा. कपाशी डिसेंबरअखेर संपवावी, फरदड घेऊ नये, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर ठेवू नयेत, आणि जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत, कारण सरकीत झोपलेली अळी तिथूनच पुढच्या हंगामाची बीजे पेरते.

याच गंधाचा दुसरा उपयोग मीलन मोडण्यासाठी होतो. शेतभर झाडांना गॉसिप्ल्युअर भरलेल्या दोऱ्या बांधल्या किंवा त्याच्या लेपाचे ठिपके दिले म्हणजे सगळीकडूनच मादीचा गंध येऊ लागतो आणि नराला खरी मादी सापडत नाही. अमेरिकेत १९७८ साली या कामासाठी अधिकृत नोंदणी मिळालेला पहिला कामगंध गॉसिप्ल्युअर हाच होता, आणि बीटी कपाशी, वंध्य करून सोडलेले पतंग व हा गंध यांच्या एकत्रित मोहिमेनंतर २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आपल्या कपाशीच्या प्रदेशातून गुलाबी बोंडअळी निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. २०१७ साली यवतमाळने जे भोगले त्याच्या दुसऱ्याच वर्षी ही घोषणा व्हावी, हे वाचून विषाद वाटल्याखेरीज राहत नाही. परंतु ती रीत उचलून इथे जशीच्या तशी बसवता येणार नाही. मीलन मोडण्याची युक्ती सलग, मोठ्या क्षेत्रावरच सफल होते. दोन-चार एकरांच्या एका वावरात दोऱ्या बांधल्या आणि शेजाऱ्याने बांधल्या नाहीत, तर त्याच्याकडे समागम झालेल्या माद्या उडत येऊन इकडे अंडी घालतात. सबंध शिवाराने, किमान सबंध गावाने, एकाच आठवड्यात हे काम केले पाहिजे, आणि त्याची तजवीज ग्रामपंचायत व कृषी सहायक यांनी मिळून केल्याखेरीज एकट्या कास्तकाराच्या हातून ती होणारी नाही.

सापळ्याविषयी एक गैरसमज मात्र दूर झाला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी सापळा लावला म्हणजे कर्तव्य संपले असे मानतात. अनुदानात मिळालेले सापळे धुऱ्यावर लटकतात, ल्यूर वाळून निकामी होतो, पिशवीत साचलेले पतंग कुजतात आणि ते कोणी मोजत नाही. पाच सापळ्यांत नर पकडल्याने कीड आटोक्यात येत नाही, कारण उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळ्याचे मोल त्यात सापडलेल्या आकड्यात आहे. त्या आकड्यामुळेच फवारणी केव्हा करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा करू नये, हे कळते. आणि जी फवारणी टळली तिने कोणाही मजुराला रुग्णालयात धाडलेले नाही.

म्हणून यवतमाळच्या कास्तकार बंधु-भगिनींना माझी विनंती आहे की येत्या खरिपात कपाशीला पाती लागू लागली की आपल्या वावरात गुलाबी बोंडअळीचे सापळे लावा, ल्यूरवरची तारीख पाहून घ्या, रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजून आकडा एका वहीत लिहा आणि मोजून झाल्यावर पिशवी रिकामी करा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी वीस बोंडे फोडून पाहा आणि ती वही घेऊन कृषी सहायकाकडे जा.